वर म्हणजे बीदरकडं

पंचशीलाचा राग तिच्या भाषेवरून ओळखू यायचा. थोडी चिडली की ती मराठीतच बोलायची, पण तुटक. जास्त चिडली की कन्नडात शिरायची. आणि राग डोक्यात गेला की गप्प होऊन समोरच्याकडे असं बघत राहायची, की तो माणूस आपणहून बोलायला लागायचा आणि नको ते सांगून बसायचा. गुलबर्ग्याच्या ऑफिसात तिचा जरा धाकच होता. पण तिच्या रागात स्वतःसाठी म्हणून काही नसायचं, हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं होतं. तिचा डबा कुणी खाल्ला तर ती हसायची. शिपायाला कुणी अरेतुरे केलं की मात्र तिच्या कपाळावरची शीर उठायची.

ती मूळची बेलूरखेडची. बीदरहून औरादचा रस्ता धरला आणि जनवाडा मागं पडलं, की जमीन मांजरा नदीकडे उतरायला लागते. त्या उतारावर हे गाव. अगदी वरच्या टोकाला, तांबड्या मुरमाड माळावर बुद्धनगर, मधे गाव, खाली नदीपर्यंत काळी रानं. बुद्धनगरच्या विहिरीला पाणी पार पाताळात. होळी झाली की बादली दगडावर आपटायची. खालच्या रानात मात्र ऐन वैशाखातही विहिरीच्या पायऱ्या उतरलं की पाणी हाताला लागायचं. गावातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हे सांगता आलं असतं. पण सरकारला नकाशा लागतो.

उन्हाळ्यात बुद्धनगरच्या बायका खाली उद्धवरावांच्या मळ्यावर जायच्या. उद्धवराव पाण्याला नाही म्हणत नसत. "पाण्याला कोण न्हाई म्हणलंय?" असं चारचौघांत मोठ्यानं म्हणत. फक्त मोटार त्यांच्या सवडीनं चालू व्हायची आणि पाइप त्यांचा गडी धरायचा. बायकांनी घागर खाली ठेवायची आणि मागं सरायचं. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. शाळकरी वयात पंचशीला एकदा पाइप धरायला पुढं झाली, तर गड्यानं धार बांधावर सोडून दिली. "आता घे," तो म्हणाला. तिची आई सावित्रीबाई दंड धरून तिला वर घेऊन आली.

वडील गुंडेराव गवंडी. एक्याण्णव सालानंतर हैदराबादेत जिकडेतिकडे इमारती उठायला लागल्या, तेव्हा बुद्धनगरातले बरेच जण तिकडे गेले, त्यांत तेही गेले. भीमजयंतीला यायचे, सिमेंटनं फुटलेले हात पोरीच्या डोक्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "शिक." ती बीदरच्या कॉलेजात होती तेव्हा ते वारले. मग तीही हैदराबादला गेली, एका नकाशाच्या कंपनीत. तिथं कॉम्प्युटरवर बसून ती अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाच्या गटारी रेघेवर रेघ ओढून नकाशात उतरवायची. त्या गावात कुठल्या चौकातलं झाकण फुटलंय हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्या स्वतःच्या गल्लीला गटारच नव्हती. हे आठवलं की तिचा जीव चडफडायचा. तिथंच ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. पुढं गुलबर्ग्यात एका कंत्राटदार कंपनीला बीदर भागातल्या विहिरींच्या पाण्याचे नकाशे करायचं काम मिळालं, तेव्हा ती धावत अर्ज घेऊन गेली. आपल्या मुलखाचा नकाशा, आपल्या हातानं! दोन हजार नऊ साल होतं ते.

काम काय आहे, हे तिनं सुट्टीत घरी आल्यावर आईला सांगायचा प्रयत्न केला. सावित्रीबाई ओसरीवर वाकळ शिवत होत्या.

"हे बघ आई. शिवाराचे असे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात विहिरीचं पाणी किती खोल हाय, तो आकडा. ओळीखाली ओळ, नुसते आकडे. त्याला आम्ही अ‍ॅरे म्हणतो."

"बरं."

"पण आकड्यांना ठाऊक नसतंय आपण कुठल्या गावचे. मग मी प्रोग्रॅममधून सांगते, की ह्याचा पहिला कोपरा पृथ्वीवर अमक्या ठिकाणी, एक चौकोन एवढा मोठा. की झाली रास्टर फाइल. ती उघडली की आकडे बरोब्बर गावावर जाऊन बसतात. निळा चौकोन म्हणजे पाणी जवळ, लाल म्हणजे खोल."

सावित्रीबाईंनी दोरा दातानं तोडला. "म्हंजे उशाकडचं कोणतं अन् पायथ्याकडचं कोणतं, हे सांगावं लागतंय."

"तेच! पहिली ओळ उत्तरेला. कायम उत्तरेला."

"अन् कुणी बिनउशाचं झोपलं तर?"

"चेष्टा नको करू, आई."

विहिरी मोजायचं काम मल्लेशकडे होतं. हा धनगराच्या घरचा, तिशी ओलांडलेला, काटक माणूस. बापजाद्यांनी मेंढरं वळली, त्यानं मोबाइल टॉवरच्या खड्ड्यांपासून शिरगणतीपर्यंत पडेल ते काम केलं. दोरीला लोखंडी वजन बांधून तो गावोगाव विहिरीत सोडायचा आणि आकडे लिहून आणायचा. पंचशीलानं त्याला नीट समजावून सांगितलं होतं. "अण्णा, एका ओळीत मावळतीकडून उगवतीकडं यायचं. अन् ओळी वरून खाली."

"वरून खाली. कळलं अक्का."

पहिल्यांदा कमठाण्याचे आकडे आले. तिनं प्रोग्रॅम चालवला, फाइल तयार झाली. मल्लेशला शेजारी बसवून एकेक विहीर ताडून पाहिली. ही तळ्याकडची, ही शाळेमागची; सगळं जागच्या जागी. ती खूश झाली. मग तोच प्रोग्रॅम तिनं सगळ्या गावांवर चालवला, नकाशे वर पाठवले, आणि ते मंजूर होऊन आले. त्या नकाशांवरूनच ठरणार होतं की बोअर आणि पाण्याची टाकी कुठं द्यायची. लाल भागाला मिळणार, निळ्याला नाही. बुद्धनगराला टाकी मिळणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बेलूरखेडचा नकाशा तिनं उघडूनसुद्धा पाहिला नाही. आपलंच गाव, त्यात काय बघायचं!

मग आईचा फोन आला.

"पंचू, तुझा नकाशा लावलाय पंचायतीत. मोठा फ्लेक्स."

"बघितलीस?"

"बघितला. आपल्या गल्लीत निळंच निळं हाय. पाणीच पाणी." सावित्रीबाई मग म्हणाल्या, "मी काय म्हणते, घागर घेऊन जाऊ का फ्लेक्सपाशी?"

पंचशीलाला हसू आलं नाही. "अन् खाली? उद्धवरावांचा मळा?"

"लालभडक. त्यांच्या शेतवस्तीला बोअर अन् टाकी मंजूर झाली. पेढे वाटायलेत."

तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली: कुणीतरी नकाशा बदलला. पैसे चारले, रंग फिरवले. दुसरं काय असणार? मिळेल त्या गाडीनं ती बीदरला आली आणि तिथून जीपनं बेलूरखेडला. घरी न जाता थेट पंचायतीपुढं उभी राहिली. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. खाली कोपऱ्यात कंपनीचं नाव, आणि बारीक अक्षरांत तिचंही.

उद्धवराव कट्ट्यावरच बसले होते. "ये ये, बाई. आमच्या गावची हुशार पोरगी!"

"कुणी बदलला हा नकाशा?"

"कामून? आम्हांला येतंय का असलं? आम्ही आपले अंगठ्याचे लोक."

"तुमच्या विहिरीला बारमाही पाणी हाय. ते लाल कसं झालं?"

"आता बाई, नाव तुझं, कंपनी तुझी, नकाशा तुझा. आम्ही म्हणलो का, लाल करा म्हणून?" ते इतरांकडे बघून हसले. "सरकार म्हणतंय आमच्याकडं पाणी न्हाई. सरकारला खोटं पाडू का मी? अन् बुद्धनगरला पाणी कमी पडलंच तर आमची मोटार हायच की. पाण्याला कोण न्हाई म्हणलंय?"

पंचशीला गप्प झाली. त्या गप्प राहण्याचा उद्धवरावांवर काहीच परिणाम झाला नाही. ते पेढा पुढं करत राहिले.

गुलबर्ग्याला परतल्यावर तिनं आपली मूळ फाइल उघडली, कुणी कुठं हात घातला ते शोधायला. कुणीच हात घातलेला नव्हता. फ्लेक्सवर होतं तेच तिच्या फाइलीत होतं. बुद्धनगर निळं, मळा लाल. तिनं मल्लेशला बोलावून घेतलं.

"अण्णा, बेलूरखेडची पहिली ओळ कुठली?"

"बुद्धनगरची. तुमच्याच गल्लीतली विहीर पहिली मोजली. म्हणलं, अक्काची गल्ली."

"मी सांगितलं होतं वरून सुरुवात करायची."

"वरूनच केली की!"

"वर म्हणजे?"

मल्लेशनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाई शहरात राहून वेडी झाली. "वर म्हंजे वर. बीदरकडं. पठारावरून सुरू केलं अन् उतरत उतरत नदीला गेलो. आता नदीकडनं वर कोण सुरू करतंय अक्का? पाणी तरी उलटं जातंय का?"

आता तिला उलगडलं. बेलूरखेडात उत्तर-दक्षिण कुणी म्हणतच नाही. उगवत, मावळत, वर आणि खाली. वर म्हणजे बीदरकडं, खाली म्हणजे मांजरेकडं. लहानपणापासून तीही असंच म्हणत आली होती: "आई खाली गेली, आत्या वर गेली." आणि बेलूरखेडाला बीदर दक्षिणेला येतं. मल्लेशची पहिली ओळ दक्षिणेची, आणि तिच्या प्रोग्रॅमनं ती उचलून उत्तरेला, नदीकाठी ठेवली होती. कोरडी विहीर मळ्यात, मळ्यातलं पाणी माळावर. कमठाणा बीदरच्या दुसऱ्या अंगाला. तिथं बीदर उत्तरेकडं, म्हणून तिथं 'वर' म्हणजे उत्तरच आली, आणि सगळं जुळलं. जनवाड्याच्या बाजूची गावं मात्र सगळी डोकं खाली, पाय वर.

"माझं चुकलं का अक्का?" मल्लेश घाबरून म्हणाला.

"न्हाई. तुम्ही मी म्हणलं तेच केलंत."

दुरुस्ती एका ओळीची होती. ओळींचा क्रम उलटा करायचा, कोपरा तोच ठेवायचा, फाइल पुन्हा लिहायची. तिनं ती जागेवरच केली. बेलूरखेड पडद्यावर सरळ झालं: माळ लाल, नदीकाठ निळा. तिनं तो कागद छापला आणि साहेबांच्या खोलीत गेली.

अमृतप्पा वाईट माणूस नव्हते. शांत, गोड बोलणारे, सणावाराला सगळ्यांना घरी जेवायला बोलावणारे. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला, पुसला.

"होगलि बिडम्मा," ते म्हणाले. जाऊ दे गं. "नकाशे मंजूर झालेत. सह्या झाल्यात."

"सर, उलटे नकाशे मंजूर झालेत."

"ते तुला कळतं, मला कळतं. तिसऱ्याला कळायचं कारण काय?" मग त्यांना काही सुचलं. "तो पोरगा, मल्लेश. त्यानं आकडे चुकीचे लिहिले असं दाखवू. त्याला काढून टाकू. कंपनीवर येणार नाही."

पंचशीला कन्नडात शिरली. त्या खोलीत ती कन्नडात काय बोलली, ते बाहेर बसलेल्यांनी ऐकलं, आणि बरेच दिवस एकमेकांना सांगितलं. थोडक्यात, आकडे बरोबर आहेत, सूचना तिची होती, आणि मल्लेशला हात लावलात तर ती आपली चूक स्वतःच्या सहीनं लिहून वरच्या कचेरीत देईल.

अमृतप्पांनी हात वर केले. "बरं, बरं. मल्लेश राहू दे. तुझं गाव बेलूरखेड ना? मग एक करू. एका गावाची किरकोळ दुरुस्ती म्हणून मी आजच पाठवतो. ओळखीचे साहेब आहेत. पंधरवड्यात तुमच्या गल्लीत गाडी येईल बोअरची. तुझी आई पाणी पिईल. झालं समाधान?"

तिच्या डोळ्यांपुढं आई उभी राहिली, डोक्यावर घागर घेऊन चढ चढणारी, गुडघ्याला हात लावून थांबणारी.

"आणि बाकीची गावं?"

"बाकीच्यांचं पुढच्या टप्प्यात बघू."

"सगळी एकदम दुरुस्त केली तर?"

"तर सगळी फाइल परत. नव्यानं तपासणी, नव्यानं मंजुरी. हा उन्हाळा गेला म्हणून समज. तुझ्या गल्लीचाही." ते मऊ आवाजात म्हणाले, "विचार कर, पंचशीला. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

हेच तिला सहन झालं नाही. नकाशा चुकला तेव्हा सगळ्यांचा मिळून चुकला, आणि आता सरळ व्हायचा तो फक्त ज्याची पोरगी ऑफिसात आहे त्याच्यापुरता! बाकीच्या गावांतल्या बायकांची कुणी पोरगी इथं खुर्चीवर नव्हती, म्हणून त्यांनी निळ्या रंगाकडे बघत तहान भागवायची. असली मेहेरबानी तिनं आयुष्यभर पाहिली होती. मोटार चालू करणारेही स्वतःला दयाळूच समजत.

तरी तिनं आईला फोन केला. न विचारता आईच्या डोक्यावर आणखी एक उन्हाळा ठेवायचा तिला हक्क नव्हता. सगळं सांगितलं.

मग सावित्रीबाई म्हणाल्या, "बाकीच्या गावांत बी आपल्यासारख्याच बाया अस्तील न्हवं?"

"व्हय."

"त्यांना काय म्हणणार हाईस? आमची वाकळ सरळ झाली, तुमचं तुम्ही बघा?" आणि मग एकदम चिडून, "मला कामून विचारायलीस? तुला ठाऊक हाय की! माझ्या तोंडून वदवून घ्यायलीस व्हय?" त्यांनी फोन ठेवला.

पंचशीलानं सगळ्या उलट्या गावांच्या फाइली नव्यानं लिहिल्या आणि सोबत अर्ज जोडला: पहिल्या ओळीची दिशा सांगण्यात चूक माझी, आकडे बरोबर आहेत. अमृतप्पांनी सही करायला बरेच दिवस लावले. पण ती रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन न बोलता उभी राहायची. शेवटी त्यांनी सही केली, आणि तिला नकाशांच्या कामावरून काढून टायपिंगला बसवलं. त्याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही.

उन्हाळा मात्र आला. बुद्धनगरची बादली दगडावर आपटायला लागली, आणि बायका खाली मळ्यावर जायला लागल्या. मंजुरी परत गेली ती पंचशीलामुळं, ही बातमी उद्धवरावांनीच पसरवली. रविवारी ती घरी आली की शेजारची कोंडाबाई मुद्दाम दारावरून जायची. कोंडाबाई पोटात काही ठेवणारी नव्हे.

"आली का नकाशावाली? आधी नकाशानं आमचं पाणी पळवलीस, आता शहाणपणानं. पंधरा दिवसांत येणार होतं म्हणं!"

"कोंडाकाकू, बाकीच्या गावांचं बी..."

"बाकीची गावं माझी घागर उचलायलीत काय?"

कोंडाबाई चुकीचं बोलत होती असं पंचशीलाला म्हणता येईना. ती घागर घ्यायची आणि आईसोबत खाली जायची. गडी पाइप धरायचा. आता तो तिला 'मॅडम' म्हणायचा, पण पाइप काही हातात द्यायचा नाही. रागानं तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. सावित्रीबाई हळूच म्हणायच्या, "राग ठेव. पाणी सांडू नको."

पावसाळा गेला, दसरा गेला. मंजुरी आली ती हिवाळ्यात. जनवाड्याच्या बाजूची सगळी गावं एकाच यादीत होती. एक दिवस बोअरची गाडी धडधडत बेलूरखेडात शिरली आणि मळ्याकडं न वळता माळावर चढली. सारं बुद्धनगर भोवती जमलं. मल्लेशही आला होता. दुपार कलताना पांढऱ्या धुळीतून आधी चिखल आला, मग पाण्याचा फवारा. पोरं किंचाळत भिजली. सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या.

गाडीसोबत आलेले सरकारी खात्याचे तरुण साहेब बायकांपुढं आले. इस्त्रीच्या शर्टावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते, पण चेहरा प्रसन्न होता. "काय मावशी, आता खूश ना?"

"खूश?" कोंडाबाई पुढं झाली. "वरीसभर चढ चढले मी. तुमच्या कागदावर माझ्या दारात पाणी होतं, अन् मी दुसऱ्याच्या बांधावर उभी होते. ते वरीस कोण देणार? खूश काय इचारतोस बाबा, माफी माग!"

साहेबांचं हसू विझलं. त्यांनी आधाराला इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर पंचशीलावर येऊन थांबली. शिकलेली बाई आहे, ही सांभाळून घेईल.

पंचशीला काही बोलली नाही. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. साहेब चुळबुळले, आणि मग आपणहून म्हणाले, "तसं... आमच्याकडूनही कुणी गावात येऊन पाहायला हवं होतं. चुकलंच."

"चुकलंच," कोंडाबाई म्हणाली. आणि तोंड फिरवून पंचशीलाला, "अन् तू काय बघत उभारलीस? तुझं बी चुकलंय. चल, हंडा लाव."